मसाई पठारावर मेलाइट सापडतो का? (आणि तुमच्या ४१ ग्रॅमच्या खड्याचं काय)

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका ताईंनी विचारलंय, की प्रदर्शनातल्या एका स्टॉलवरनं मधाच्या रंगाचा आरपार दिसणारा खडा २,८०० रुपयांना घेतला, विकणाऱ्यानं सांगितलं हा मेलाइट आहे, जगातलं दुर्मिळ ऑरगॅनिक खनिज, आणि आपल्या पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरच सापडलाय. वजन ४१ ग्रॅम. मुलगा सातवीत आहे, त्याला दगडांचा नाद लागलाय, तर पठारावर नेमकं कुठं शोधायचं? सोबत पट्टीशेजारी ठेवलेल्या खड्याचा फोटो आहे.

ताई, तुम्ही विचारलंय "कुठं शोधायचं", पण त्याच्या आधीचा प्रश्न आहे की असला दगड तिथं तयार तरी होऊ शकतो का. त्याचं उत्तर मला नाही असंच द्यावं लागेल. आणि खडा, फोटोवरनं आणि तुम्ही दिलेल्या वजनावरनं, बहुतेक कॅल्साइट आहे, म्हणजे चुनखडी ज्याची बनते ते साधं खनिज. बहुतेक म्हणतोय कारण फोटोवरनं दगड ओळखणं म्हणजे फोनवर नाडी बघण्यासारखं आहे. पण घरातल्या घरात अर्ध्या तासात तुम्ही स्वतः खात्री करून घेऊ शकता, ते खाली सांगतो.

मी इथल्या एका कॉलेजात एकतीस वर्षं भूगर्भशास्त्र शिकवलं. आयुष्य बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला आपला काळा दगड, आणि त्यातल्या पोकळ्यांतल्या झिओलाइट नावाच्या खनिजांमधे गेलं, मेलाइट हा काही माझ्या रोजच्या ताटातला पदार्थ नाही. माझ्याकडं खरा मेलाइट एकच आहे, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठा, हंगेरीतल्या एका संग्राहकाला आपल्याकडचे स्टिल्बाइटचे (हा एक झिओलाइट) दोन चांगले नमुने देऊन अदलाबदलीत घेतलेला. आधी दोन दाणे होते, दुसऱ्याचं काय झालं ते पुढं येईल.

आधी ते "ऑरगॅनिक" बघू, कारण स्टॉलवाल्यानं सगळी गंमत त्या शब्दावर केलीय असं वाटतं. आपल्याकडं ऑरगॅनिक म्हटलं की सेंद्रिय गूळ, बिनखताचा भाजीपाला, म्हणजे काहीतरी शुद्ध, चांगलं, जरा महाग. खनिजाच्या बाबतीत तसलं काही नसतं. रसायनशास्त्रात ऑरगॅनिक म्हणजे कार्बनची ती संयुगं जी एरवी आपल्याला झाडात, प्राण्यात, तेलात, कोळशात भेटतात. खनिजं बहुतेक सगळी त्याच्या बाहेरची, सिलिकेट, ऑक्साइड, सल्फाइड वगैरे. कॅल्साइटमधेही कार्बन असतो पण कार्बोनेटला ऑरगॅनिक धरत नाहीत. तर जमिनीत, माणसाचा हात न लागता, ठरलेल्या रचनेचा स्फटिक तयार झाला आणि तो ऑरगॅनिक संयुगाचा निघाला तर ते ऑरगॅनिक खनिज. असली खनिजं जगात मोजकीच आहेत. एक अॅबेलसोनाइट म्हणून आहे, अमेरिकेत युटा राज्यातल्या तेलयुक्त खडकात सापडतं, त्यात निकेल असतं आणि त्याचा सांगाडा हिरव्या पानातल्या क्लोरोफिलपासून आलेला मानतात, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पानांचा रंगच दगड होऊन बसलाय म्हणा ना.

इथं माझे विद्यार्थी दरवर्षी हमखास विचारायचे, सर मग खडीसाखर? ती पण ऑरगॅनिक आहे, स्फटिक आहे, रचना ठरलेली आहे. कोल्हापुरात हा प्रश्न येणारच. उत्तर सोपं आहे, ती उसात तयार होते आणि कारखान्यात आपण तिचा स्फटिक करतो, जमिनीनं केलेली नाही. पण खडीसाखर लक्षात ठेवा, ती पुढं कामाला येणार आहे.

आता मेलाइट. १७८९ साली जर्मनीत थुरिंजिया भागातल्या आर्टर्न इथं लिग्नाइटमधे, म्हणजे तपकिरी कच्च्या कोळशात, हे मधाच्या रंगाचे स्फटिक सापडले. तिकडं त्याला मधाचा दगडच म्हणायचे, मेलाइट या नावाच्या मुळाशीही मधच आहे. रंग बघून बऱ्याच जणांना अंबर, म्हणजे झाडाची जुनी होऊन दगडासारखी झालेली राळ, वाटायचा. मग १७९९ मधे क्लाप्रोट नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं (ज्यानं युरेनियम शोधून काढलं तोच, आणि तेही १७८९ सालीच) त्याचं पृथक्करण केलं तर त्यात अल्युमिनियम आणि एक नवंच आम्ल निघालं, त्याला मेलिटिक आम्ल म्हणतात.

हे आम्ल कसलं आहे ते कळलं की मेलाइट कुठं सापडेल आणि कुठं नाही हे आपोआप कळतं, म्हणून जरा थांबतो. मधाचं पोळं डोळ्यासमोर आणा. कोळशात कार्बनचे अणू साधारण तसेच, षटकोनी घरांच्या चादरीत जोडलेले असतात, ग्रॅफाइटमधे अगदी व्यवस्थित आणि लिग्नाइटमधे मोडकेतोडके, तुकड्यातुकड्यांनी. आता या पोळ्याला ऑक्सिजननं हळूहळू कडेनं खायला सुरुवात केली, खात खात शेवटी एकच षटकोनी घर उरलं, आणि त्याच्या सहाही कोपऱ्यांवर, जिथं शेजारची घरं जोडलेली होती तिथं, एकेक आम्लाचा गट चिकटला. हे झालं मेलिटिक आम्ल. ही नुसती गोष्ट नाही, लाकडी कोळसा तीव्र नायट्रिक आम्लात तापवला तर प्रयोगशाळेत हेच आम्ल मिळतं. या आम्लाला चिकणमातीतनं सुटलेलं अल्युमिनियम भेटलं, भरपूर पाणी घेऊन दोघं स्थिरावले, की मेलाइट. आणि पाणी किती, तर वजनाच्या ४२ टक्क्यांच्या वर! हातात कोरडा ठणठणीत खडा दिसतो पण जवळजवळ निम्मा पाणीच आहे.

माझा दुसरा दाणा असाच गेला. वर्गात दाखवायचं म्हणून त्याचा एक कण स्टीलच्या चमच्यात घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर धरला. आधी त्याचा मधाचा रंग उडाला, भिजवलेल्या साबुदाण्यासारखा पांढुरका झाला, मग काळा पडला, शेवटी चमच्याला चिमटीत न येणारी पांढरी राख राहिली, ती अल्युमिनाची, म्हणजे अल्युमिनियमच्या ऑक्साइडची. ज्योत काही दिसली नाही. पोरं म्हणाली सर परत एकदा, मी पण भरीला पडलो, तीन तासिकांत दाणा संपला. बायको म्हणाली तो चमचा तरी परत स्वयंपाकघरात आणू नका.

तर सापडण्याचं गणित असं आहे की तीन गोष्टी एकत्र लागतात: जुना झालेला वनस्पतीजन्य कोळसा, त्याला सावकाश, अगदी बेताबेतानं ऑक्सिजन मिळणं, आणि शेजारी अल्युमिनियम सोडणारी माती. आर्टर्ननंतर तो रशियात, ऑस्ट्रियात, झेक देशात, हंगेरीत मिळाला आणि बहुतेक सगळीकडं कोळशाच्या भेगांत किंवा कोळशाशेजारच्या मातीत. हंगेरीतल्या चोरदाकूतच्या कोळसा खाणीतले स्फटिक सुंदर असतात, दोन्हीकडं टोक असलेले छोटे दुहेरी पिरॅमिड. माझा दाणा तिकडचाच. दगडाची चौकशी रंगावरनं करायची नसते हो, गाव कुठलं आणि सोयरे कोण हे आधी विचारायचं, हे मी एकतीस वर्षं बोंबलून सांगत आलोय.

आता मसाई पठार. खाली बेसाल्टचे थर, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि वर जांभा. जांभा म्हणजे काय, तर पावसानं बेसाल्टमधलं विरघळण्यासारखं सगळं धुऊन नेलं आणि मागं लोखंड नि अल्युमिनियम उरलं. अल्युमिनियम तर आपल्याकडं इतकं आहे की राधानगरी, शाहूवाडी, चंदगड भागात बॉक्साइट आहे, त्याचे ट्रक तुम्ही रस्त्यावर बघितले असतील. म्हणजे तीनपैकी एक गोष्ट आपल्याकडं मुबलक आहे. पण कोळसा? पठारावर लिग्नाइट नाही. आणि वर जे काय गवत, तेरड्याची फुलं, पानं कुजतात ती उघड्यावर, भरपूर हवा आणि धो धो पावसात, तिथं कार्बन एका षटकोनी घरावर येऊन थांबत नाही, सरळ कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो नाहीतर पाण्याबरोबर वाहून जातो. म्हणजे स्वयंपाकघरात डबाभर मीठ आहे पण भाजी आणलेलीच नाही, असला प्रकार.

कुणीतरी म्हणेल की घाट उतरून रत्नागिरीकडं गेलं तर जांभ्याखाली मातीचे आणि लिग्नाइटचे थर आहेत, विहिरी खणताना लागतात. बरोबर आहे, आणि कुणाला शोधायचीच हौस असेल तर मी त्याला मसाईपेक्षा तिकडं पाठवीन. पण सोयरे एका गावात आहेत म्हणून लग्न लागलंच असं होत नाही. भारतात लिग्नाइट नेवेलीला आहे, कच्छमधे आहे, सुरत जिल्ह्यात वास्तानला आहे, आणि वास्तानच्या खाणीत मधाच्या रंगाचं जे मिळालं ते अंबर, पाच कोटी वर्षांपूर्वीचं, आत किडे अडकलेलं. अंबर हे खनिज धरत नाहीत बरं का, कारण ती झाडाची राळ आहे, स्फटिक नाही आणि ठरलेली रचनाही नाही.

आता तुमचा खडा. फोटोत पट्टीशेजारी तो साधारण ३ सेंटीमीटर लांब, अडीच रुंद दिसतोय, जाडी तुम्ही लिहिलीय २. ढोबळमानानं १५ घन सेंटीमीटर. ४१ भागिले १५ म्हणजे २.७ च्या आसपास, ही झाली घनता, एका घन सेंटीमीटरचं ग्रॅममधलं वजन. मेलाइटची घनता १.६ आहे. खडीसाखरेचीही जवळजवळ तेवढीच, म्हणून म्हटलं लक्षात ठेवा. ४१ ग्रॅमचा मेलाइट असता तर तो २५ घन सेंटीमीटरचा, छोट्या लिंबाएवढा असता, आणि लिंबाएवढा निर्दोष पारदर्शक मेलाइट २,८०० रुपयांना प्रदर्शनाच्या स्टॉलवर, ताई, मी सगळं सोडून पळत आलो असतो. कॅल्साइटची घनता २.७१. शिवाय फोटोतला आकार बघा, तिरकी ढकललेली काडेपेटी असते तसा, समोरासमोरच्या बाजू समांतर पण कोपरे काटकोनात नाहीत. कॅल्साइट फुटतोच तसा, बारीक केला तरी प्रत्येक तुकडा तसलीच तिरकी काडेपेटी.

पण माझं पट्टीवरचं माप चुकू शकतं म्हणून घनता नीट काढा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असला तर उत्तम, नसला तर गुजरीत ओळखीच्या सराफाकडं जा, त्याचा काटा जास्त बारीक असतो. खडा कोरडा वजन करा. मग काट्यावर अर्धा ग्लास पाणी ठेवून आकडा शून्य करा, खडा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका, हातानंच धरून ठेवा. आता काट्यावर जो आकडा येईल तेवढे मिलिलीटर खड्याचं आकारमान. कोरड्या वजनाला त्यानं भागा. हातानं धरलेला असताना आकडा वाढतोच कसा हे मुलाला विचारा, आर्किमिडीज कुठल्या इयत्तेत आहे आता माहीत नाही पण सातवीच्या पोराला जमेल. खड्याला गार पाण्यात काही होत नाही, गरम घेऊ नका इतकंच. उत्तर २.७ आलं तर कॅल्साइट किंवा क्वार्ट्झ (गारगोटी), अडीचच्या आसपास तर काच असू शकते, २.२ ला स्टिल्बाइट, आणि १.६ आलं तर मला लगेच कळवा, मी चूक कबूल करून तुमच्या घरी चहाला येतो.

मग जिथं दिसणार नाही अशा कोपऱ्यावर नखानं ओरखडा काढून बघा. मेलाइट नखाइतकाच मऊ, कडकपणा दहाच्या मोजपट्टीवर २ ते २.५, नख जोरात घासलं तर खूण पडू शकते. कॅल्साइट ३, त्यावर नख चालत नाही पण सुरीचं टोक आरामात ओरखडा काढतं. सुरीनंही काही झालं नाही तर क्वार्ट्झ किंवा काच. सुरीनं निघालेली थोडी पावडर बशीत घेऊन वर लिंबू पिळा, बारीक बुडबुडे आले तर कॅल्साइटवर शिक्का. (बाथरूमचं आम्ल वापरा असं कुणी सांगेल, पोरगं शेजारी असताना नको, लिंबानं काम भागतं.) आणि खडा स्वच्छ असेल तर पेपरातल्या एका ओळीवर ठेवा, अक्षरं दोन-दोन दिसतील. ही कॅल्साइटची जादू पोरांना फार आवडते.

नोटा तपासायचा जांभळा टॉर्च मारून बघा असंही सांगणारे असतात. मेलाइट त्यात बऱ्याचदा निळसर चमकतो हे खरं, पण कॅल्साइटही चमकतो, अंबरही चमकतं. त्यावरनं निवाडा करू नका.

मी हे सगळं शहाणपण जन्मताना घेऊन आलेलो नाही. नोकरीला लागलो त्या काळात एका फिरत्या विक्रेत्याकडनं अंबर म्हणून आठ खडे घेतले, चांगले दीडशे रुपये मोजून, तेव्हा दीडशे म्हणजे काही कमी नव्हते. मिठाच्या दाट पाण्यात टाकले, तरंगले, मी खूश, कारण अंबर तरंगतं. गुजरीतल्या एका म्हाताऱ्या कारागिराला कौतुकानं दाखवायला गेलो. त्यानं एक खडा चिमटीत धरून नुसता श्वास टाकला, वास घेतला आणि म्हणाला, "मास्तर, ही राळ हाय. आमच्या कामातली." मग थोडं स्पिरिट बोटाला लावून घासलं तर खडा चिकट झाला. तरंगण्याची परीक्षा अलीकडची राळही पास होते हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं, पण खिशातले पैसे गेल्यावर आठवलं. तेव्हापासून एका परीक्षेवर नाव ठेवायचं बंद केलं.

पैसे परत मागायचे का? ते तुमच्यावर आहे. बिलावर "मेलाइट" लिहिलेलं असेल तर मागायला जागा आहे, नुसतं तोंडी सांगितलं असेल तर भांडण होईल नि निकाल काही लागणार नाही. विकणाऱ्यालाही कुणीतरी तसंच सांगून दिलेला असू शकतो, या धंद्यात दगडापेक्षा नाव जास्त हात बदलतं. एवढ्या आकाराचा स्वच्छ मधाळ कॅल्साइट वाईट नमुना नाही, पण २,८०० मी दिले नसते. आणि तो दख्खनच्या बेसाल्टमधनंच कुठून तरी आलेला असण्याची दाट शक्यता आहे, आपल्याकडच्या खडीच्या खाणींत पोकळ्या फुटल्या की कॅल्साइट, क्वार्ट्झ, झिओलाइट दिसतात. मुलाला दगड दाखवायचे तर खाणमालकाची परवानगी घेऊन, सुरुंगाची वेळ विचारून, बाहेर टाकलेल्या ढिगाऱ्याशी न्या. पठारावर फुलांच्या दिवसात न्या, पण खोदाखोद नको.

आणि त्याला खरोखर ऑरगॅनिक खनिजाचंच वेड लागलं असेल तर त्याच्यासाठी मेलाइटपेक्षा जवळची सोय आहे. व्हेवेलाइट नावाचं एक खनिज आहे, कॅल्शियम ऑक्झलेट. ते कोळशाच्या थरांत आणि खनिज शिरांमधे स्फटिक होऊन सापडतं, आणि माणसाचा मुतखडा बहुतेक वेळा याच पदार्थाचा असतो. त्याचा भाऊ वेडेलाइट, पाण्याचं प्रमाण जास्त असलेला, तो अंटार्क्टिकाच्या वेडेल समुद्राच्या तळाच्या गाळात मिळाला म्हणून ते नाव, तोही मुतखड्यात असतो. मुतखडा शरीरात बनतो म्हणून त्याला खनिज म्हणत नाहीत, पदार्थ मात्र तोच. जुन्या दगडी देवळांवर, किल्ल्यांच्या तटांवर पांढरे-राखी-पिवळे चट्टे दिसतात ना, ते दगडफूल, लायकेन. ते ऑक्झॅलिक आम्ल सोडतं आणि दगडातल्या कॅल्शियमबरोबर ही ऑक्झलेटं तयार होतात, म्हणजे पन्हाळ्याच्या तटाला टेकून उभं राहिलात तर मसाईवर दिवसभर उन्हात फिरण्यापेक्षा ऑरगॅनिक खनिजाच्या जास्त जवळ असाल. फक्त ते खरवडू नका.

घरात बघायचं तर अळू. अळूनं घसा खवखवतो तो याच कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळं, म्हणून तर वडीत चिंच हवीच असं आपल्या आया सांगतात. अळूचा देठ मोडून त्याचा चीक काचपट्टीवर घ्या, पाण्याचा एक थेंब, वर झाकणकाच, आणि शाळेतल्या साध्या मायक्रोस्कोपखाली धरा. गवताच्या पेंढीसारख्या बारीक सुयांच्या जुड्या दिसतील, काही सुटून इकडंतिकडं पडलेल्या, दोन्ही टोकांना अणकुचीदार. देठ मोडायच्या आधी पोराच्या हाताला खोबरेल लावा, आणि डोळे चोळायचे नाहीत म्हणून बजावून ठेवा.